कागद, कुकारा आणि उघाड

श्रोतेहो, नमस्कार.

डोंगरात बदली झाली त्या वर्षीची गोष्ट. जूनचा दुसरा आठवडा असेल. मी पोरांना सांगितलं, "उद्या येताना एकेक कागद घेऊन या." चित्रं काढायची होती. दुसऱ्या दिवशी पोरं आली ती काखेत प्लास्टिकच्या घड्या घेऊन. कुणाकडं खताच्या गोणीचं आतलं अस्तर, कुणाकडं निळ्या ताडपत्रीचा तुकडा. एकानं तर छपरावर घातलेलाच ओढून आणला होता, कारण त्याच्या मागोमाग त्याची आईही आली. दारात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, आमचा कागद कशाला मागवला? घर गळतंय ना."

तिथं कागद म्हणजे पावसात डोक्यावरून घ्यायचा तो. लिहायचं ते 'वहीचं पान'. मी देशावरचा माणूस, मराठी शिकवायला आलो होतो, आणि पहिल्याच आठवड्यात मला एका साध्या शब्दाचा अर्थ लागला नव्हता.

हा मुलूख कुठला, ते सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. त्याचा जो भाग सह्याद्रीला भिडलेला आहे त्याला जुनी माणसं डांगाण म्हणतात. एका बाजूला कळसूबाई, दुसऱ्या बाजूला हरिश्चंद्रगड, मधे रतनगड, आणि रतनगडाच्या पोटातून निघालेली प्रवरा. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची. उत्तरेला इगतपुरी, दक्षिणेला जुन्नर आणि आंबेगाव, पश्चिमेला कडा उतरला की कोकण. बोलणं, देव आणि शेती पाहाल तर तालुक्यांच्या हद्दी इथं कुणी फारशा मानलेल्या नाहीत.

माझं गाव त्याच जिल्ह्यातलं, पण पूर्वेकडचं. आमच्याकडं पावसाळ्यात भेटलेला माणूस पहिलं विचारतो, "तुमच्याकडं पडला का?" डांगाणात विचारतात, "उघडला का?" जिल्हा एक, पाऊस एकाच समुद्रावरून आलेला, पण प्रश्न उलटा. डांगाणातल्या घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलीमीटरच्या पुढं पाऊस होतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला आलात की पाचशेसाठी माणसं देव पाण्यात ठेवतात.

नक्षत्रांची नावं दोन्हीकडं तीच. रोहिणी, मृग, आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघा नक्षत्राचा सासूंचा आणि पूर्वाचा सुनांचा. मघा पडल्या तर काय होतं, याची एक म्हण तुम्हाला ठाऊक असेल. तिचा पहिला अर्धा भाग रेडिओवर सांगण्यासारखा नाही, दुसरा असा, की नाही पडल्या तर ढगाकडं बघा. आम्ही देशावरचे लोक आयुष्यभर हा दुसरा अर्धाच जगलो. डांगाणात नक्षत्रं वाट पाहण्यासाठी नसतात, मोजण्यासाठी असतात. म्हातारा सरला, म्हणजे सासू यायच्या आत आवणी उरकायला हवी, असा हिशेब.

आवणी म्हणजे भाताची लावणी. हा शब्द एका पोरानं निबंधात लिहिला आणि मी लाल शाईनं खोडून वर 'लावणी' लिहिलं. त्याच पोरानं सहामाहीच्या पेपरात 'ऋतूंची नावे लिहा' या प्रश्नाला उत्तर लिहिलं होतं: भाजणीचा, आवणीचा, कापणीचा. मी शून्य दिलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उत्तरपत्रिकेत शून्य देताना वावगं वाटलं असतं, तर मी मास्तर झालो नसतो.

भाजणी म्हणजे काय ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर सादड्याच्या वाळलेल्या डहाळ्या, मग पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. याला राब म्हणतात. तो पेटवायचा वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग पळत नाही, सावकाश खाली सरकत जाते आणि जमीन आतपर्यंत भाजते. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख खताला होते. शेतीखात्याची माणसं राब करू नका म्हणतात. झाडं तोडली जातात, धूर होतो, हे खरंही आहे. पण त्या सांगणाऱ्यांनी एकदा जुलैच्या पावसात, गुडघाभर चिखलात, तण आणि रोप वेगळं करून दाखवावं, असं मला वाटतं. तिथं पाऊस एकदा लागला की खुरपायला उघाड मिळत नाही. जे काही करायचं ते आधी.

हे 'आधी' घरातही दिसतं. मे महिन्यात घराभोवती नुसती धावपळ. सरपण फोडून माळ्यावर चढवायचं, गोवऱ्या रचायच्या, कारवीच्या कुडाच्या भिंती शेणामातीनं पुन्हा लिंपायच्या, पावसाचं तोंड ज्या बाजूला असतं तिकडून झापं बांधायची. मीठ, मिरची, काड्यापेट्या आधी भरून ठेवायच्या. गुरं घरातच, एका अंगाला. माणसं दुसऱ्या अंगाला. मधे आडवं लाकूड. सुरुवातीला मला त्या वासानं झोप यायची नाही. मग एका श्रावणात, आठ दिवस सूर्य दिसला नव्हता तेव्हा, मला कळलं की त्या घरातली सगळ्यात ऊबदार जागा गव्हाणीजवळची असते, आणि ती पाहुण्याला देतात.

तिथली गुरंही डांगी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, ठेंगणी, आणि अंगावर असा तेलकटपणा की पाणी निथळून जातं. देशावरचा खिलारी बैल त्या पावसात आणून बांधला तर पंधरा दिवसांत बसेल. राजूरला या डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथं बैलांच्या किमती मी पाहिल्यात. मास्तरानं त्या न ऐकलेल्या बऱ्या.

आता इरल्याबद्दल. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, आत पानं भरलेली, आकार पालथ्या होडीसारखा. डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकते. मला आधी वाटायचं, छत्री का घेत नाहीत? आवणीला एकदा चिखलात उतरलो तेव्हा उत्तर मिळालं. डाव्या हातात रोपाची मूठ, उजव्यानं चार-चार काड्या चिखलात खोचायच्या, पाठ वाकलेली, आणि दिवसभर मागं मागं सरकत जायचं. छत्री धरायला तिसरा हात कुठून आणणार? इरलं पाठीवर बसतं आणि माणूस वाकला की तेही वाकतं. उभ्या माणसाला ते अवघड, वाकलेल्याला सोयीचं. आता इरली विणणारे हात कमी झाले. त्यांच्या जागी आला तो हाच, माझ्या पोरांनी आणलेला कागद. तोही तसाच बांधतात, डोक्यावर खोळ करून, पाठीवर सोडून. त्यावरून बायका फडकी गुंडाळतात. फडकी म्हणजे महादेव कोळी बायकांचं खांद्यावरून घ्यायचं वस्त्र. तिनं थंडी झाकते, मूल बांधलं जातं, बाजारातून येताना तिची पिशवी होते.

आवणी एकट्या घराच्यानं होत नाही. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. आंबेगाव-जुन्नरकडं तर उतारावर नवी खाचरं काढायलाही घरं एकत्र येतात. दगड फोडायचे, बांध रचायचा, वरची माती खाली ओढून जागा सपाट करायची. याला पडकई म्हणतात. ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं, मजुरीचा विषय नाही. हिशेब असतो, पण तो दिवसांचा, आणि तो कुणी लिहून ठेवत नाही. पुढं सरकारनं रोजगार हमीच्या कामांत हाच शब्द घेऊन योजना काढली. मला त्याचा आनंद वाटला. सरकारी कागदावर सहसा लोकांचा शब्द मरतो. हा मेला नाही.

तर मी बोलण्याबद्दल सांगत होतो.

शाळेच्या ओट्यावरून समोरची डोंगरसोंड दिसायची. मधे खोल ओढा. इकडून तिकडं जायचं तर उतरून चढायला पाऊण तास. एकदा संध्याकाळी एक बाई आमच्या बाजूच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, येऊन उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि तिनं कुकारा घातला. "आत्येऽऽऽ!" मग थांबली. मी मनात मोजत होतो, तीन, चार, पाच. पलीकडून, दिसतही नव्हतं कुणी, आवाज आला, "ओऽऽऽ." मग ही: "गाऽऽय... आऽऽलीऽऽ?" पुन्हा थांबली. तिकडून नुसता "नाऽऽऽ." बाई वळली आणि अंधार पडायच्या आत रानाकडं चालू लागली.

मला वाटलं होतं भांडण चाललंय. आमच्याकडं एवढ्या मोठ्यानं माणूस फक्त भांडताना बोलतो.

मग मी रोज ऐकायला लागलो. दरीतून स्वर जातो, व्यंजन वाटेत गळतं. त्यामुळं हाक मारताना नावाचा शेवटचा स्वर ओढतात आणि बाकीचं नाव जवळजवळ सोडून देतात. घरात ज्या पोराला पूर्ण नावानं बोलावतात, त्याला दरीपलीकडून बोलावताना नुसता 'याऽऽ' उरतो. आणि ज्याचा 'या' आहे तोच बरोबर उत्तर देतो, कारण आवाज कुणाचा हे त्याला ठाऊक असतं. निरोप दोन शब्दांचा. एक शब्द पोचला की थांबायचं, उत्तर येऊ द्यायचं, मग दुसरा. मधेच बोललं तर दोघांचे आवाज दरीत मिसळतात आणि काहीच कळत नाही. ही थांबायची सवय अंगात इतकी मुरलेली की समोरासमोर बसूनसुद्धा माणसं तशीच बोलतात. तुम्ही काही विचारा, क्षणभर शांतता. नव्या माणसाला वाटतं, याला कळलं नाही. वर्गात मी हीच चूक दोन वर्षं केली. पोरगं उत्तर द्यायच्या आधी थांबायचं आणि मी पुढच्याला उभं करायचो.

दिशाही पूर्व-पश्चिम अशा नाहीत. उगवतीला, मावळतीला, वरल्या अंगाला, खालल्या अंगाला. घर कुठं विचारलं तर अंतर सांगत नाहीत, चढ सांगतात. "दोन टेपं चढून खाली." पावसाला तर शब्दच शब्द. भुरभुर वेगळी, रिपरिप वेगळी, झड लागली ती वेगळी, श्रावणातला शिरवा वेगळा. आणि या सगळ्यांहून लाडका शब्द उघाड. अर्धा तास ढग फाटला, ऊन पडलं, की सगळ्या वाडीत तो शब्द फिरतो आणि घराघरांतून गोधड्या, कपडे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं ओट्यावर येतात.

एक आजोबा मला म्हणाले होते, "रात्री पाऊस वाजतोय आणि ओढ्याचा आवाज एकदम बंद झाला, तर गुरुजी, झोपायचं नाही. घराबाहेर पडायचं." वर कुठंतरी पाणी अडलंय, डोंगर हललाय, एवढा त्याचा अर्थ. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. त्यानंतर मी त्या आजोबांकडं गेलो होतो. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

दिवाळी आमच्याकडं वसुबारसेला सुरू होते. तिथं त्याच दिवशी, अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस. गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड असतो, त्यावर वाघ कोरलेला, वर शेंदूर. गुराखी पोरं घरोघर जाऊन तांदूळ, दूध, गूळ मागतात आणि त्या दगडापाशी चूल मांडून खीर करतात. मग खेळ सुरू. एक पोरगं वाघ होतं, एक अस्वल, एक कोल्हा. बाकीचे त्यांना पळवतात आणि धरून विचारतात, "आमच्या शिवारात येशील का?" वाघानं म्हणायचं, "नाही येणार." असं वदवून घेऊन सोडायचं.

एका वर्षी वाघ झालेलं पोरगं माझ्या वर्गातलं. त्याला चिखलात लोळवलं, विचारलं, येशील का? ते थांबलं. नेहमीसारखं. आणि म्हणालं, "भूक लागली तर येईन." सगळे हसले, पण एक म्हातारा गुराखी हसला नाही. त्यानं पोराला उठवलं, अंगावरची माती झटकली आणि खिरीचं पहिलं पान त्याच्यापुढं ठेवलं. वाघाशी त्या गावाचं नातं काय, हे मी वर्गात सांगू शकलो नसतो. त्याला हाकलतात, त्याला जेवू घालतात, आणि देव म्हणूनही तोच.

उन्हाळ्यात बोहाडा. देवदेवतांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. आधी गणपती, शारदा, मग एकेक सोंग, संबळ आणि पिपाणीच्या तालावर, मशालींच्या उजेडात. कुठलं सोंग कुठल्या घराचं ते ठरलेलं असतं, आणि मुखवटा मोठा वजनदार. आमच्या शाळेचा एक बुजरा मुलगा, जो फळ्यापाशी यायला घाबरायचा, त्याला मी एका पहाटे रावणाच्या सोंगात पाहिलं. त्यानंतर त्याला फळ्यापाशी बोलावताना माझाच आवाज जरा खाली यायचा.

कळसूबाईची गोष्ट तर मी कितीही वेळा सांगेन. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, वर एक लहानसं देऊळ, नवरात्रात यात्रा. लोक सांगतात ते असं. कळसू नावाची एक मुलगी एका घरी कामाला राहिली. तिची अट होती, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकीचं सगळं करीन. एकदा घरी पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली, केर काढायला लावला. तिनं काम केलं आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली. जिथं भांडी घासली ते थाळेमेळ, जिथं केर टाकला तो काळदरा. जागा आजही दाखवतात. देवीच्या गोष्टींत राक्षस मारलेले पुष्कळ ऐकले, पण कामाची अट मोडली म्हणून नोकरी सोडून गेलेली देवी मला दुसरी माहीत नाही. आणि राज्यात तिच्यापेक्षा उंच कुणी बसलेलं नाही.

याच मुलखातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. काळभात, रायभोग, जिरवेल अशी भाताची नावं त्यांनी बियाण्यासकट राखली, २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. शाळेत गेलेल्या नाहीत. एवढ्यावर मी थांबतो, कारण मास्तरानं पुढं काय बोलायचं?

पाऊस इतका, आणि तरी मे महिन्यात बायका हंडे घेऊन दोन टेपं उतरतात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी खाली, आमच्याकडच्या उसाला जातं. मी त्याच उसाचा गूळ खाऊन मोठा झालो, तेव्हा या विषयावर मला फार आवाज चढवता येत नाही.

आता तिकडं गाड्या येतात. मे-जूनमध्ये काजवे बघायला, जुलैत धबधबे बघायला. पोरांना हॉटेलांत, तंबूंच्या व्यवसायात चार पैसे मिळतात, ते मिळावेत. फक्त नावं बदलतायत. सांद म्हणजे फट, म्हणून ती अरुंद दरी सांदण. आता पोरंही पाहुण्यांना 'व्हॅली' सांगतात. धरणाच्या भिंतीखालच्या धबधब्याला 'अम्ब्रेला फॉल' म्हणतात. छत्रीचा फारसा उपयोग नसलेल्या मुलखात छत्रीच्या नावाचा धबधबा. तो इरल्यासारखाच दिसतो, नीट बघितलं तर.

मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मागच्या श्रावणात फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला, तर कानठळ्या बसतील असा आवाज, "गुरुजीऽऽऽ!" वाडीत रेंज फक्त एका दगडावर मिळते. तिथं उभी राहून, माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता तिचीच मुलगी शाळेत जाते, फोन हातात धरून दरीपलीकडं हाक मारावी तशी मला हाक मारत होती. मी फोन कानापासून लांब धरला आणि "ओऽऽ" दिली. ती थांबली. मीही थांबलो. तीन, चार, पाच.

मग ती म्हणाली, "उघाऽऽड... पडलीऽऽय. येताऽऽ का?"